दोन बांधांवरून

आषाढातल्या एका मंगळवारी सकाळी माझे पती वारले. ते ओट्याशी उभे राहून चहा घेत होते. त्यांनी कप ठेवला, भिंतीला हात लावला आणि खाली बसले. मी शेजाऱ्यांना हाक मारली. शेजाऱ्यांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि ते गेल्याचं सांगितलं. दुपारी पिंपरी पेंढारहून त्यांची बहीण आली. संध्याकाळी स्मशानातून लोक परतले तेव्हा कप ओट्यावरच होता. कुणीतरी तो विसळून ठेवला.

त्याच्या आदल्या रविवारी आम्ही जुन्नरच्या पुढे मढला बेडूक पाहायला गेलो होतो. समाचाराला येणारा प्रत्येकजण विचारी, आजारी होते का. नव्हते, हे सांगायला माझ्याकडे तेवढाच पुरावा होता, म्हणून मी ते सांगत असे. लोक मान हलवत. बेडकांबद्दल पुढे कुणी विचारलं नाही.

आम्ही घोडेगावात राहायचो; मी अजून तिथेच राहते. ते सरकारी मोजणी खात्यात होते. मी शाळेत मराठी शिकवायचे आणि शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे असे. नोकरीची सगळी वर्षं ते जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या बांधांवर उभे राहिले, पण पावसाळ्यात मोजणी बंद असते. तेव्हा ते कचेरीत बसून नकाशे काढत. त्यामुळे पाण्याने भरलेली भातखाचरं त्यांनी निवांतपणे पाहिली ती निवृत्त झाल्यावर. डिंभ्याच्या बाजूला एका ओढ्यावर आम्ही छत्री घेऊन उभे होतो, तेव्हा ते म्हणाले, “एवढे आवाज येतायत, हे आहेत कोण?” मला माहीत नव्हतं. मी शाळेतून एक पुस्तक आणलं. त्यात नव्हतं. मग दुसरं मागवलं.

शोधायचं त्यांनी आणि ओळखायचं मी, असं काही आम्ही ठरवलं नव्हतं. तसं होत गेलं. त्यांचा कान चांगला होता, पण पुस्तक हातात घेतलं की त्यांना झोप येई. मला चिखलात नीट चालता येत नसे, पण बेडूक समोर असला तर मी तासभर त्याच्याकडे बघू शके. पाठीवर लांबट वळ्या आहेत का, बोटांच्या टोकांना चकत्या आहेत का, मागच्या बोटांमधला पडदा टोकापर्यंत जातो का, हे पाहायचं. रंगावर विसंबायचं नाही, कारण एकाच खाचरातले एकाच जातीचे दोन बेडूक वेगवेगळ्या रंगांचे निघतात. आणि दोघांनी पाहिल्याशिवाय बेडूक ओळखला असं म्हणायचं नाही. हा नियम त्यांचा होता. मोजणीतही दोन्ही बाजूंच्या खातेदारांनी हद्द बघितल्याशिवाय खूण पक्की होत नाही, असं ते म्हणत.

बिबट्यामुळे आम्ही रात्री कधीच जात नसू. लोक म्हणतात, बेडूक रात्रीच बघायचे. पण ढग खाली आलेले असले, की दुपारी चारपासूनच खाचरं बोलायला लागतात, आणि दिवेलागणीच्या आधी आम्ही स्कूटरवर बसलेले असायचो.

आवाज काढणारा बेडूक एकट्याला सापडत नाही, निदान आम्हाला सापडत नसे. आवाज समोरून येतोय हे कळतं, पण किती समोर ते कळत नाही. पाऊल टाकलं की तो गप्प होतो. म्हणून आम्ही दोन बांधांवर उभे राहत असू, एकमेकांपासून बरेच लांब. तो बोलला की दोघांनी हात सरळ करून आवाजाकडे बोट दाखवायचं आणि तसंच थांबायचं. दोन हातांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतील तिथे बेडूक. ही मोजणीचीच रीत. साखळी आणि निशाण नाही, एवढाच फरक.

पहिल्याच वर्षी मढमध्ये त्यावरून गोंधळ झाला. आम्ही दोघं दोन बांधांवर हात लांब करून उभे होतो, आणि वरच्या घरातून एक बाई हातात विळा घेऊन धावत खाली आली. तिचंच शेत होतं.

“ओ भाऊसाहेब! कसली मोजणी? नोटीस कुटं हाय?”

“मोजणी नाही हो,” हे म्हणाले. “बेडूक बघतोय.”

“मला काय येडी समजता व्हय? तुमीच व्हता ना आमच्या चुलत सासऱ्याच्या वाटणीला? तोंड ध्यानात हाय माझ्या. आता रस्त्याला घेताय का धरणाला, तेवढं निस्तं सांगा.”

“मी रिटायर झालो.”

“रिटायर झालेला माणूस पावसात हात वर करून उभा ऱ्हातो व्हय?”

हे खाली वाकले, गवताच्या मुळाशी हाताची ओंजळ केली आणि तिच्यासमोर धरली. तिने विळा बांधावर ठेवला आणि डोकं पुढे केलं.

“ह्ये? ह्ये तर पिलू हाय.” मग तिने वळून घराकडे तोंड केलं आणि ओरडून सांगितलं, “काय न्हाई रं! रस्ता न्हाई आला, बेडूक आलाय!”

घरातून कुणीतरी मोठ्याने हसलं. त्यानंतर आम्ही दिसलो की ती लांबूनच म्हणायची, “आलं बगा बेडकाची मोजणी करणारं.” मी शिक्षिका होते हे कळल्यावर मला बाई म्हणू लागली. एकदा खोडदकडे, कालव्याच्या पाझराच्या पाण्यात, आम्हाला याच जातीचा बेडूक सापडला. पण तिथे कुणी धावून आलं नाही. तिथल्या लोकांना रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या अँटेना आणि त्यांच्याकडे बघणारी माणसं रोजचीच आहेत.

तिने ज्याला पिल्लू म्हटलं तो पूर्ण वाढलेला नर होता. अंगठ्याच्या नखाएवढा, टोकदार तोंडाचा. डोळ्यांच्या मधून सुरू होऊन पाठीवर मागे रुंद होत जाणारी गडद तपकिरी नक्षी. पुस्तकात त्याच्या प्रजातीला मायक्रोहायला म्हणतात. त्याचा आवाज त्याच्या मानाने फार मोठा. कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यावर येतो तसा, चर्रर्र, थोडं थांबून पुन्हा चर्रर्र.

हे कळल्यावर आमच्या घरात एक काळा प्लास्टिकचा खिशातला कंगवा आला. बहिणीने एकदा त्यांच्या खिशात तो पाहिला आणि म्हणाली, “दादा, आता कशावर फिरवतोस?” त्यांच्या डोक्यावर फारसं काही उरलं नव्हतं. ते बांधावर उकिडवे बसत, कंगव्यावर नख ओढत, आणि गप्प झालेला बेडूक पुन्हा सुरू होई. बेडकाला वाटे, दुसरा नर आला. मी फोनवर आवाज घेत असे.

घरी आल्यावर त्यांचा एक खेळ असे. माझ्या फोनवरचा आवाज लावायचे आणि विचारायचे, “यात मी कुठला?” मी सांगायची. बहुतेक वेळा चुकायची. “अजून ऐक,” म्हणायचे, आणि काय ऐकायचं ते सांगायचे नाहीत. खेळ झाला की ती फाईल पुसून टाकायचे. कंगव्याचा आवाज संग्रहात नको, पुढेमागे कुणी बेडकाचा समजेल. निव्वळ बेडकांच्या फाईली तेवढ्या ठेवायच्या.

त्या शेवटच्या रविवारी मढच्या त्या बाईच्या खाचरात चिखलणी झालेली होती आणि लावणी व्हायची होती. मी वरच्या बांधावर फोन घेऊन उभी राहिले. ते खालच्या बांधापलीकडे गेले, तिथे करवंदाची जाळी आहे, तिच्यामागे दिसेनासे झाले. मग आवाज सुरू झाला. बराच वेळ चालला. पाऊस वाढला तेव्हा मी फोन पिशवीत टाकला. ते वर आले. मी हात दाखवला नव्हता, त्यांनीही दाखवला नव्हता. बेडूक आम्ही पाहिलाच नाही. स्कूटरवर बोलता आलं नाही. घरी कपडे बदलले, जेवलो, आणि ते म्हणाले, “उद्या ऐकू.” सोमवारी त्यांचं विजेच्या बिलाचं काहीतरी काम निघालं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मी घर झाडलं, पुस्तकांवरची धूळ पुसली. भाजीवाला दारात येत होता त्याच्याकडून भाजी घेत होते आणि ती फ्रीजमध्ये सुकत होती. मला रडू येत नव्हतं. त्याबद्दल त्यांची बहीण फोनवर काळजी करायची आणि मी तिला सांगायची की मी ठीक आहे. ते खरंच होतं. पंखा लावला की फिरतो तशी मी सकाळी उठून चालायला लागायची.

एक दिवस मला त्यांचा आवाज ऐकावासा वाटला. म्हणजे मनात तशी कळ आली असं नाही. तो कसा होता हे मी आठवून पाहिलं आणि मला आठवेना. मी फोन उघडला. ते व्हॉट्सॲपवर बोलून पाठवणाऱ्यांतले नव्हते. फोनवर “येतो” आणि “ठेवतो”, एवढंच बोलायचे. व्हिडिओ सगळे त्यांनीच काढलेले, काढताना न बोलता; त्यात मी आहे, डोंगर आहेत. बहिणीकडे तिच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ होता, तो तिने पाठवला. त्यात ते मांडवात कुणाशी तरी बोलताना दिसतात. ओठ हलतात आणि बँड वाजतो.

मग ती रविवारची फाईल राहिली. आमच्या खेळासाठी घेतलेली आणि न खेळलेली. तिच्यात शब्द नव्हते, पण जाळीमागे बसून त्यांनी कंगवा ओढला असेल तर त्यांचं एवढं तरी त्यात होतं. मी ती लावली. चर्रर्र. थोडं थांबून चर्रर्र. पावसाचा आवाज. चर्रर्र. मी डोळे मिटून ऐकलं, इयरफोन घालून ऐकलं. काही आवाज मला त्यांचे वाटले. दुसऱ्या दिवशी दुसरेच वाटले.

तसंच ठेवता आलं असतं. पण मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की उत्तर पाठ असेल तर लिहा, नसेल तर जागा सोडा. अंदाजाने लिहू नका. मला ते कळायला हवं होतं. आणि त्यासाठी एकच मार्ग होता. त्या खाचरातला बेडूक शोधायचा, अगदी जवळून ऐकायचा, आणि त्याच्याच शेजारी बसून कंगवा ओढून बघायचा. कंगवा दारामागच्या शर्टाच्या खिशात होता.

श्रावणात मी निघाले. मला स्कूटर चालवता येत नाही. एसटीने जुन्नर, तिथून मढपर्यंत वडापची जीप. शेजारणीने गॅलरीतून पाहिलं.

खाचरात आता भात उभा होता. ती बाई बांधावरचं गवत कापत होती.

“आलं का बेडकाची मोजणी करणारं? भाऊसाहेब कुटं? गाडी लावाया गेलं?”

“ते वारले,” मी म्हटलं. “आषाढात. इथून गेलो त्याच आठवड्यात.”

ती खाली बसली, ओल्या गवतातच. डोक्यावरचं पोत्याचं घोंगतं काढून तिने बाजूला ठेवलं.

“आन मला कुनी सांगितलं न्हाई.”

“कोण सांगणार.”

“व्हय. कोन सांगनार.” मग म्हणाली, “चांगला मानूस व्हता वो. आमच्या वाटणीत पयल्यांदा कुनी तरी बायकांना इचारलं, तुमची हद्द कुटं. त्यांनी इचारलं व्हतं.” मला हे माहीत नव्हतं. “मंग तुमी एकल्या इथं कशाला आला?”

मी सांगितलं. फाईल लावून ऐकवली. तिने फोन कानाशी धरला, आवाज संपेपर्यंत हलली नाही.

“ह्यो तर बेडूकच हाय.”

“कंगव्याचा आवाज असाच येतो.” मी ओढून दाखवला.

“अगं बया.” तिने कंगवा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. “मंग त्यांचाच असंल, बाई. तसंच समजा. कुनाचं काय जातंय?”

“नाही,” मी म्हटलं. “बघायचं आहे.”

“जिद्दी हाय तुमी.”

बेडूक बोलत होता. खालच्या बाजूला, जाळीच्या जवळपास कुठेतरी. मी तिला विचारलं, तू त्या बांधावर उभी राहशील का.

“मी? माझा हात काय मोजणीचा हाय?”

“कसलाही चालतो.”

ती गेली. मी इथे, ती तिथे. तो बोलला की मी हात सरळ केला. तिनेही केला, पण तोंडाने बोलत राहिली. “हितं हाय! न्हाई, हितं! आरं गप का झाला ह्यो?” मी तिला गप्प राहायची खूण केली. तिने दुसऱ्या हाताने तोंड दाबलं. बराच वेळ गेला. तो परत बोलला आणि ह्या वेळी तिने बोट दाखवून ते तसंच ठेवलं, हात अवघडला तरी खाली घेतला नाही. माझी रेषा आणि तिची रेषा जाळीच्या बुंध्याशी, गवताच्या एका पुंजक्यावर मिळत होती.

मी चिखलातून गेले. हळूहळू, गुडघे टेकून. पुंजक्याच्या मुळाशी पाणी होतं आणि पाण्याच्या कडेला तो होता. टोकदार तोंड, पाठीवरची नक्षी, गळा काळपट. मी श्वास धरून बसले. गळा फुगला, अंगाएवढा झाला, आणि आवाज आला. इतक्या जवळून मी तो कधी ऐकला नव्हता. जवळ जायचं काम त्यांचं असे. मी बेडूक बघायची तो ओंजळीत, गप्प असलेला.

जवळून ऐकल्यावर कळलं. बेडकाचा आवाज बारीक सुरू होतो आणि चढत जातो. पहिले ठोके लांबवर ऐकूच येणार नाहीत इतके हलके असतात. मी कंगव्यावर नख ओढलं. कंगव्याचा पहिला दातच जोरात लागतो. मी हळू ओढून पाहिलं, मऊ ओढून पाहिलं, बोटाच्या पेराने ओढून पाहिलं. पहिला दात लागायचा तो लागतोच. बेडूक गप्प झाला, मग त्याने मला उत्तर दिलं. आम्ही दोघं बराच वेळ तसं करत होतो.

बाई चिखलातून माझ्यामागे आली आणि वाकून बघू लागली.

“एवढंसं असून एवढा गळा! आमची धाकटी जाऊ बी अशीच हाय.” मग हळू आवाजात, “ह्योच का त्यो?”

“तोच असेल असं नाही. पण जात हीच.”

“पिलू न्हाई म्हनता?”

“नाही. मोठा आहे.”

तिने मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं.

मी बांधावर येऊन बसले, हात पुसले, इयरफोन घातले आणि रविवारची फाईल सुरुवातीपासून लावली. ह्या वेळी मी फक्त प्रत्येक आवाजाची सुरुवात ऐकली. बारीक, मग चढता. पुढचा, बारीक, मग चढता. पाऊस वाढत गेला तरी तेवढं कळत होतं. मी कुठे कुठे थांबवून मागे नेलं, पुन्हा ऐकलं. शेवटपर्यंत गेले. मग पुन्हा एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एकही आवाज कंगव्याच्या पहिल्या दातासारखा जोरात सुरू झालेला नव्हता.

ते जाळीमागे गेले होते, बेडूक आपणहून बोलत होता, आणि त्यांना कंगवा काढायची गरज पडली नव्हती. ते तिथे बसून ऐकत असतील. नाहीतर पावसाकडे बघत असतील. मला कळायचा मार्ग नाही.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

“काय निघालं?”

“बेडूक आहे.”

“समदाच?”

“सगळाच.”

तिने घोंगतं उचलून डोक्यावर घेतलं. मग म्हणाली, “चला वर. च्या टाकते. माझा हात लई दुखाया लागलाय.” वर जाताना तिने मला चिखलात दोनदा धरलं. तिच्या घरी मी चहा घेतला, कोरडं लुगडं नेसले आणि शेवटच्या जीपच्या आधी रस्त्यावर आले. जीपमध्ये एका माणसाने विचारलं, पावणं कुणाकडचं. मी म्हटलं, शेतात आले होते.

घरी आल्यावर मी त्या फाईलला नाव दिलं. जात, नर, मढ. ती निव्वळ बेडकाची आहे, म्हणून ठेवायची आहे. बहिणीचा फोन आला तेव्हा तिला हे सांगितलं. ती रडली. मी तिला रडू दिलं आणि मग कुकर लावला.

त्यांचा आवाज माझ्याकडे नाही. बेडकांचे आहेत. पाऊस असला की मी रविवारी मढला जाते. ती बाई मोकळी असली तर खालच्या बांधावर उभी राहते आणि आम्ही दोघी हात दाखवतो. नसली तर मी वरच्या बांधावर थोडा वेळ ऐकते आणि उजेड असतानाच परत येते.